हॉलच्या भिंतीवर काय लावावे?

दिवाळीनंतर काचीगुड्याचे जुने घर सोडून आम्ही कोंडापूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. हॉलची मोठी भिंत रिकामी होती. आम्हाला तिथे आईवडिलांचा फोटो हवा होता. मुलाला आणि सुनेला एकच मोठे अमूर्त चित्र. इंटिरिअरवाल्याने दाखवलेल्या चित्रात राखाडी रंग आणि वर एक पट्टा, बस. "यात आहे काय?" असे आम्ही बोलून गेलो आणि घरात दोन दिवस अबोला.

मग जरा वाचायला बसलो आणि वासुदेव गायतोंडे यांच्यापर्यंत पोहोचलो. जन्म नागपूरचा, १९२४ चा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. त्यांच्या नंतरच्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, बहुतेकांना नावसुद्धा नाही. पण हे काम झटपट होणारे नव्हे. रोलरने, पॅलेट नाइफने रंगाचा थर द्यायचा, काही भाग काढून टाकायचा, पुन्हा थर द्यायचा. वर्षाकाठी मोजकीच चित्रे होत. म्हणूनच थोडा वेळ पाहत राहिले की आतले थर दिसू लागतात. २०१३ साली त्यांचे एक चित्र मुंबईच्या लिलावात २३ कोटींच्या वर गेले. (बँकेत जन्म गेला, आकडा आधी दिसणारच!)

इमारत आणि चित्र यांचा एकत्र विचार कसा होतो, ते कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दिसते. इमारतीच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी वापरण्याची परवानगी होमी भाभांनी नेहरूंकडून मिळवली होती. गायतोंडे यांची चित्रेही तिथल्या संग्रहात आहेत. सोफ्याच्या कापडाशी रंग जुळवणे म्हणजे चित्र निवडणे नव्हे, हे आमचे मत तिथून पक्के झाले.

घरापुरते सांगायचे तर चित्राची रुंदी सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश असावी आणि मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर, म्हणजे नजरेसमोर यावा. आपल्या हैदराबादचे ऊन पाहता पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन येणारी भिंत टाळावी, रंग उडतात. आणि भोवतालची भिंत मोकळी सोडावी. शेजारी कालनिर्णय टांगले की संपले.

आमचे चित्र अजून ठरायचे आहे. राखाडी पट्टा मात्र सुनेनेच रद्द केला. आईवडिलांचा फोटो जेवणाच्या टेबलासमोर लागला. ती जागाही तिनेच सुचवली.