फाइल उघडण्याची क्रिया आणि भारतीय लिप्यांतील संहितेची अखंडता

भारतीय भाषांतील साहित्यकृतींच्या संगणकीय संहिता शेजारी ठेवून त्यांचा तौलनिक अभ्यास करताना संहितेची विश्वासार्हता हा पहिला प्रश्न ठरतो. हस्तलिखितांच्या बाबतीत पाठचिकित्सेने या प्रश्नाचा विचार करण्याच्या रीती घालून दिल्या आहेत. लेखनिकाकडून गळलेली ओळ किंवा वाळवीने खाल्लेले पान अभ्यासकाच्या नजरेस येते. संगणकीय संहितेत मात्र फाइल वाचण्यासाठी उघडली जाते त्या क्षणीच मजकूर गळू शकतो, आणि त्याची कोणतीही खूण मागे राहत नाही. फाइल उघडण्याच्या क्रियेचा अर्थ सर्व कार्यप्रणालींवर एकच नसतो, हे त्याचे कारण होय. प्रस्तुत लेखात या अर्थभेदाचा आणि भारतीय लिप्यांवरील त्याच्या परिणामांचा विचार केला आहे.

१. दोन परंपरा

कोणतीही फाइल ही ० ते २५५ या दरम्यानच्या संख्यांची, म्हणजे बाइटांची, रांग असते. १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या युनिक्स प्रणालीत फाइलची व्याख्या एवढीच आहे. तेथे ओळीचा शेवट १० या एका संख्येने दाखवला जातो. लिनक्स आणि आजची मॅक प्रणाली याच परंपरेतील आहेत.

विंडोजची परंपरा वेगळी आहे. टेलिप्रिंटरवर ओळ संपली की मुद्रणाचा भाग डावीकडे परत नेणे (१३) आणि कागद एक ओळ सरकवणे (१०) अशा दोन आज्ञा लागत. ही जोडी सीपीएम आणि डॉस या प्रणालींच्या वाटेने विंडोजमध्ये आली. तिच्यासोबत आणखी एक संकेत आला. सीपीएममध्ये फाइलची लांबी १२८ बाइटांच्या ठोकळ्यांत मोजली जाई. म्हणून अखेरच्या ठोकळ्यात मजकूर नेमका कोठे संपतो हे दाखवण्यासाठी २६ ही संख्या लिहीत. विंडोजमध्ये लांबी बाइटागणिक नोंदली जाते, त्यामुळे या खुणेची गरज उरलेली नाही. खूण मात्र टिकून आहे.

'सी' भाषेच्या १९८९ च्या प्रमाणकाने या भिन्न परंपरा सामावून घेण्यासाठी 'एफओपन' या आज्ञेला दोन पद्धती दिल्या. 'आर' ही मजकूर-पद्धत, तर 'आरबी' ही बाइट-पद्धत. युनिक्सकुळातील प्रणालींच्या पॉझिक्स प्रमाणकानुसार 'बी' या अक्षराने काहीच फरक पडत नाही. विंडोजवर मात्र मजकूर-पद्धतीत वाचताना १३-१० या जोडीचे १० होते, लिहिताना १० चे १३-१० होते, आणि वाचताना २६ आला की फाइल संपली असे मानले जाते. त्याहून खालच्या स्तरावरील 'ओपन' या आज्ञेसाठी विंडोजवर 'ओ_बायनरी' असा स्वतंत्र निर्देश द्यावा लागतो. युनिक्स परंपरेत असा निर्देशच नसल्याने, दोन्हीकडे चालणाऱ्या आज्ञावलीत तेथे त्याची किंमत शून्य ठरवून घेण्याचा प्रघात आहे. लिनक्सवर निर्दोष चाललेली आज्ञावली विंडोजवर दगा देते ती बहुधा येथेच.

२. 'च'पाशी संपणारी संहिता

युनिकोडमध्ये देवनागरीचा विभाग २३०४ या क्रमांकापासून सुरू होतो. त्यात 'च'चा क्रमांक २३३० आहे. यूटीएफ-१६ या रीतीने तो दोन बाइटांत लिहिला जातो: ९ आणि २६ (९ × २५६ + २६ = २३३०). विंडोजच्या नोटपॅडमध्ये दीर्घकाळ 'युनिकोड' या नावाने मिळणारा पर्याय याच रीतीचा होता. अशी फाइल विंडोजवर नेहमीच्या मजकूर-पद्धतीने उघडली, तर पहिल्या 'च'मधील २६ हा बाइट शेवटची खूण समजला जातो आणि वाचन थांबते. मराठीत षष्ठीचे प्रत्ययच चा, ची, चे असे असल्याने पहिल्या एक-दोन वाक्यांतच संहिता आटोपते. आज्ञावली कोणतीही चूक दाखवत नाही. तिच्या दृष्टीने फाइल रीतसर संपलेली असते.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने याहून गंभीर बाब पुढे आहे. भारतीय लिप्यांचे युनिकोड विभाग प्रत्येकी १२८ स्थानांचे असून त्यांत समान वर्ण समान स्थानी ठेवले आहेत. त्यामुळे देवनागरी, गुरुमुखी, ओडिया, तेलुगू आणि मलयाळम या लिप्यांतील 'च'मध्ये २६ हा बाइट येतो. बंगाली, गुजराती, तमिळ आणि कन्नड यांचे विभाग १२८ स्थाने पुढे सरकलेले असल्याने तेथे तो १५४ होतो. एकाच आज्ञावलीतून या सर्व भाषांच्या संहिता वाचल्यास काही तोकड्या होतील, काही पूर्ण राहतील. शब्दसंख्येच्या कोष्टकात दिसणारी ही तफावत भाषिक किंवा वाङ्मयीन भेद म्हणून वाचली जाण्याचा धोका उघड आहे.

लिहितानाचा बिघाड निराळा आहे. गुरुमुखी आणि गुजरातीच्या प्रत्येक अक्षरातील एक बाइट १० असतो. यूटीएफ-१६मधील असा मजकूर बाइटांच्या रूपात मजकूर-पद्धतीने लिहिल्यास प्रत्येक १० च्या आधी १३ घुसतो, बाइटांच्या जोड्या मोडतात आणि संहिता अवाच्य होते. देवनागरीत हेच 'ऊ'च्या बाबतीत घडते. यूटीएफ-८मध्ये मात्र भारतीय लिप्यांच्या अक्षरांचे सर्व बाइट १२७ च्या वर असल्याने तेथे ही गफलत संभवत नाही.

३. फाइलचे नाव

फाइल उघडण्याआधी ती सापडावी लागते. विंडोजवर 'एफओपन' ही आज्ञा नाव जुन्या आठ-बिटी अक्षरसंचाप्रमाणे वाचत आली, आणि देवनागरीसाठी विंडोजचा तसा संच नव्हता. म्हणून देवनागरी नावाच्या फाइलसाठी केवळ विंडोजवर चालणारी वेगळी आज्ञा वापरावी लागे. २०१९ मधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून आज्ञावलीला आपल्यापुरता यूटीएफ-८ निवडता येतो.

'दुसऱ्या' या शब्दातील 'ऱ' आणखी एक अडचण उभी करतो. तो २३५३ या एका क्रमांकाने लिहिता येतो किंवा 'र' आणि नुक्ता अशा दोन क्रमांकांनी. युनिकोड ही दोन्ही रूपे समान मानतो. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस रचनेत नावे विघटित रूपातच साठवली जात. लिनक्स नावाकडे केवळ बाइटांची रांग म्हणून पाहते. परिणामी मॅकवरून लिनक्सवर आणलेली 'दुसऱ्या'ने सुरू होणारी फाइल, सूचीतील तंतोतंत तशाच दिसणाऱ्या नावाने शोधल्यास सापडत नाही. 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह ही तिसरी रीतही प्रचलित आहे. ती पहिल्या दोहोंशी समान मानली जात नसल्याने प्रमाणीकरणाने हा भेद मिटत नाही.

४. निष्कर्ष

यातून काही नियम हाती येतात. फाइल नेहमी बाइट-पद्धतीने उघडावी आणि अक्षरांचा अर्थ आज्ञावलीने स्वतः लावावा. साठवण यूटीएफ-८मध्ये असावी. नावांची तुलना एका ठरावीक रूपात आणून करावी. शक्य तेथे नाव रोमन अक्षरे व अंकांत ठेवून मूळ शीर्षक सूचीत नोंदवावे. वाचलेल्या बाइटांची संख्या फाइलच्या नोंदलेल्या लांबीशी ताडून पाहावी. ही शेवटची ताडणी सर्वांत सोपी आहे, आणि 'च'पाशी तुटलेली संहिता तिच्यामुळे तत्काळ ध्यानात येते.

संहिता कोणत्या प्रतीवरून घेतली हे सांगण्याची शिस्त संशोधनात रुळलेली आहे. ती कोणत्या प्रणालीवर आणि कोणत्या पद्धतीने वाचली, याची नोंदही त्याच शिस्तीचा भाग मानली पाहिजे.