मैदान मिळेल, पण गवत कोण कापणार?

अमेरिकेत बेसबॉलचा सामना बघायला गेलात, तर बऱ्याच स्टेडियममध्ये शेंगदाणेवाल्यासारखीच हाळी देत 'फिफ्टी-फिफ्टी'ची तिकिटं विकणारी मंडळी दिसतात. या सोडतीत जमलेल्या रकमेचे सरळ दोन वाटे होतात. अर्धी रक्कम नशीबवान प्रेक्षकाच्या खिशात जाते, अर्धी संघाच्या धर्मादाय संस्थेकडे. अशा संस्थांकडून मग वस्त्यावस्त्यांमध्ये मुलांसाठी बेसबॉलची मैदानं तयार करायला अनुदान मिळतं. तर या मैदानांच्या काही गमतीजमती.

अर्धं चालणार नाही, नव्वद टक्के द्या!
कॅलिफोर्नियात ही सोडत बरीच वर्षं कायद्यात बसतच नव्हती. सोडतीच्या उत्पन्नातला किमान ९० टक्के पैसा सत्कार्यालाच गेला पाहिजे, असा तिथला नियम. ऐकायला उदात्त, पण उरलेल्या १० टक्क्यांत बक्षीस ते कितीसं निघणार आणि तिकीट घेणार कोण? शेवटी २०१५ मध्ये मोठ्या व्यावसायिक संघांच्या संस्थांना अर्ध्या-अर्ध्या वाट्याची मुभा देणारा कायदा झाला.

पहिला दाता दूधवाला
मुलांच्या बेसबॉलला दुसऱ्याच्या पैशाची गरज पहिल्या दिवसापासून होती. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टच्या कार्ल स्टॉट्झनी १९३९ मध्ये लिटल लीग सुरू केली, तेव्हा ते गावातल्या दुकानांचे आणि कारखान्यांचे उंबरठे झिजवत होते. नकारांची रांग लागली. अखेर लायकमिंग डेअरी तयार झाली आणि तिने ३० डॉलर दिले. ६ जून १९३९ च्या पहिल्याच सामन्यात डेअरीच्या नावाचा संघ लंडी लंबर या लाकूड कंपनीच्या संघाकडून २३-८ असा सडकून हरला. पण सुरुवात झाली!

वर्तमानपत्रांनी ठरवलेलं अंतर
मोठ्यांच्या मैदानात धावून गाठायच्या एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचं अंतर ९० फूट असतं. आठ-दहा वर्षांच्या पोराला तेवढं धावून फेकीच्या आधी पोहोचणं जमायचं नाही. स्टॉट्झनी काय करावं? बेसच्या जागी वर्तमानपत्रं टाकली, भाच्यांना आणि शेजारच्या मुलांना पळवलं, आणि शर्यत चुरशीची होईपर्यंत अंतर कमी-जास्त करत राहिले. मग ठरलं, ६० फूट. आजही बारा वर्षांपर्यंतच्या लिटल लीगमध्ये हेच माप चालतं. बेसमधल्या चौकोनाचं क्षेत्रफळ त्यामुळे ८,१०० चौरस फुटांवरून ३,६०० वर येतं, म्हणजे मोठ्यांचा चौकोन सव्वादोन पट. चेंडू टाकणारा पिचर आणि फलंदाजासमोरची होम प्लेट यांच्यातलं अंतरही साडेसाठ फुटांवरून ४६ फुटांवर येतं आणि पिचरच्या पायाखालचा उंचवटा १० इंचांऐवजी ६ इंच राहतो.

आकसत नाहीत त्या दोनच गोष्टी. होम प्लेट सगळ्यांना १७ इंच रुंदच, आणि चेंडू सगळ्यांना साधारण पाच औंसांचाच.

सॉफ्टबॉलमध्येही बेसचं अंतर ६० फूट असतं. महाराष्ट्रातल्या शाळांमधून सॉफ्टबॉल खेळलेल्यांच्या पायांना ते पाठ असेल. एकाच मैदानात मुलगे बेसबॉल आणि मुली सॉफ्टबॉल खेळू शकतात ते याच मापामुळे, आणि अनुदान देणाऱ्यांना असं दुहेरी उपयोगाचं मैदान साहजिकच आवडतं.

२०३३ पर्यंत ७५
लॉस एंजेलिस डॉजर्स संघाच्या प्रतिष्ठानाने २००३ मध्ये 'ड्रीमफील्ड्स' हा उपक्रम सुरू केला. जुनी, उखडलेली मैदानं नव्याने बांधून मुलांच्या हवाली करायची. पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे आणि लक्ष्य आहे २०३३ पर्यंत ७५ मैदानांचं. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. डॉजर्स ब्रुकलिन सोडून १९५८ मध्ये लॉस एंजेलिसला आले, त्याला २०३३ मध्ये ७५ वर्षं होतील. वर्धापनदिनाला केक कापण्यापेक्षा शहरात घालवलेल्या प्रत्येक वर्षाच्या नावाने एक मैदान देणं मला तरी फार मोठं वाटतं.

पैसे शिकागोचे, प्रश्नही शिकागोचेच
शिकागो कब्ज संघाची संस्था 'डायमंड प्रोजेक्ट'मधून मैदानांसाठी अनुदान देते. त्यासाठी तिने हाताशी घेतली ती लोकल इनिशिएटिव्हज सपोर्ट कॉर्पोरेशन, म्हणजे लिस्क. लिस्कचं मूळ काम घरबांधणीचं आणि वस्ती सुधारण्याचं. अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगनेही मुलांच्या मैदानांसाठी १९९८ पासून हिचाच हात धरला आहे. बेसबॉल संघाला चेंडू कळतो, पण जमीन कोणाच्या नावावर, करार किती वर्षांचा, पाण्याचा निचरा कुठे, ठेकेदाराचा अंदाज खरा का फुगवलेला, हे वस्तीत मुरलेल्या माणसांनाच कळतं.

अशा अनुदानांच्या अर्जांत काही गोष्टी हटकून येतात. जागा तुमची आहे का? नसेल तर मालकाची, बहुधा शाळेची किंवा उद्यान खात्याची, लेखी परवानगी आहे का? तुमचा स्वतःचा पैसा किती? मिनेसोटा ट्विन्स संघाच्या निधीचं सूत्रच असं की आम्ही देतो, पण बरोबरीने तुम्हीही घाला. आपल्याकडे सरकारी योजनांत लोकवाटा मागतात, तोच हा. आणि मग माझी सगळ्यात आवडती अट: देखभाल कोण करणार ते लिहून द्या. फीत कापायला माणसांची कधीच टंचाई नसते. जुलैच्या उन्हात गवत कापायला कोण येणार, हे आधीच कागदावर असलं तरच मैदान टिकतं.

सगळा खेळ मातीचा
बेसच्या आसपासचा भाग दिसतो नुसत्या तांबूस मातीचा. पण ती खोऱ्याने आणून पसरलेली साधी माती नसते. वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचं मोजून केलेलं मिश्रण असतं ते. वाळू साधारण साठ-सत्तर टक्के, बाकी इतर दोन. वाळू वाढली तर पाय घसरतो, चिकणमाती वाढली तर पावसानंतर चिखल आणि उन्हात दगड. शेतकरी वाफसा पाहून पेरतो, तसाच मैदान राखणारा ओल पाहून माती ओढतो.

ओढतो म्हणजे लोखंडी जाळीची चटई मातीवरून फिरवतो. इथेच नवखे स्वयंसेवक फसतात. चटई थेट गवताच्या कडेपर्यंत नेली की सैल माती गवतात जाऊन बसते. असं महिनोन्‌महिने झालं की कडेला एक बारीक बांध तयार होतो. दिसायला क्षुल्लक, पण पाऊस पडला की पाणी आत अडतं, आणि सरपटत आलेला चेंडू त्यावर आपटून नेमका पोराच्या तोंडावर उसळतो. इलाज साधा आहे. कडेच्या फूटभर अलीकडे थांबायचं, उरलेली पट्टी हाताने सारखी करायची आणि गवतात गेलेली माती झाडून परत आणायची.

डबक्यांचंही शास्त्र आहे. साचलेलं पाणी झाडूने बाहेर लोटायचं नाही, कारण पाण्याबरोबर मातीही जाते आणि पुढच्या पावसाला डबकं आणखी खोल. पाणी स्पंजने किंवा हातपंपाने उचलायचं आणि वर भाजलेल्या चिकणमातीचे दाणे टाकायचे, ते उरलेली ओल शोषतात. पिचरच्या उंचवट्यावर पाय पडून खड्डा होतो. तो रोज झाडून, ओला करून, घट्ट माती ठोकून बुजवायचा आणि वर ताडपत्री घालायची. हे शिकवायला पैसे फार लागत नाहीत, पण नव्या मैदानाचं आयुष्य यावरच ठरतं.

सूर्य कोणाच्या डोळ्यांत?
होम प्लेटपासून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, असं बेसबॉलचं नियमपुस्तकच सुचवतं. दुपार कलली की सूर्य फलंदाजाच्या पाठीशी राहतो. डोळे मिचकावत बसावं लागतं ते उजव्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाला. शहरातल्या अरुंद जागेत ही दिशा नेहमी साधत नाही. पण जिथे साधते तिथे बांधणाऱ्याने आधीच होकायंत्र काढावं, हे बरं.

स्टेडियम पाडलं, मैदान उगवलं
बाल्टिमोरच्या मेमोरियल स्टेडियममध्ये ओरिओल्स संघ १९५४ ते १९९१ खेळला. पुढे ते पाडलं. त्याच जागेवर २०१० मध्ये मुलांचं मैदान उभं राहिलं, तेही रिपकेन कुटुंबाच्या प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने. सलग २,६३२ सामने खेळण्याचा विक्रम करणाऱ्या कॅल रिपकेन ज्युनियरची कारकीर्द तिथेच सुरू झाली होती, आणि हे प्रतिष्ठान त्याने भावासह वडिलांच्या स्मृतीसाठी काढलं.

सिनसिनाटीत रेड्स संघाच्या संस्थेची रीत वेगळी. शेकडो स्वयंसेवक एकाच दिवशी एखाद्या वस्तीत उतरतात आणि संध्याकाळपर्यंत मैदानाचा चेहरामोहरा पालटलेला असतो.

बेस उंच नको, सपाट हवा
१९९७ ची गोष्ट. जॉर्जियातल्या कॉनयर्समध्ये सात वर्षांचा एक मुलगा धाकट्या भावाच्या प्रत्येक सरावाला आणि सामन्याला व्हीलचेअरमधून यायचा. प्रशिक्षकाने त्यालाही संघात घेतलं. त्यातून मिरॅकल लीग उभी राहिली आणि २००० मध्ये तिचं पहिलं खास मैदान खुलं झालं. रबरी पृष्ठभाग, आणि बेस जमिनीला समतल, म्हणजे चाक कुठे अडत नाही, कुबडी रुतत नाही. नियमही मुलांच्या बाजूचे. प्रत्येक डावात प्रत्येकाला फलंदाजी मिळते, कोणी बाद होत नाही, आणि सोबतीला एक 'बडी' असतो. असा रबरी पृष्ठभाग साध्या माती-गवतापेक्षा बराच महाग पडतो आणि एकट्या वस्तीला झेपत नाही. म्हणूनच इथे संघांच्या संस्थांचा पैसा सगळ्यात जास्त कामी येतो. पिट्सबर्ग पायरेट्स संघाच्या संस्थेने पश्चिम पेनसिल्व्हेनियात अशा मैदानांना हातभार लावला आहे.