परसातील जाळीघर आणि ओली वनस्पती

पंचविध कषायकल्पनांमध्ये स्वरस हा सर्वांत गुरू मानला आहे, आणि स्वरसासाठी वनस्पती ओलीच हवी. चरकाने रसायनाध्यायात जी चार मेध्य रसायने सांगितली, त्यांपैकी मंडूकपर्णी व गुडूची यांचा रसच घ्यावयाचा आहे. अपस्मारचिकित्सेतील ब्राह्मीघृतही ब्राह्मीच्या रसातच सिद्ध करावयाचे. शहरातील वैद्याच्या हाती मात्र बहुधा वाळलेला पाचोळा येतो, आणि बाजारात ब्राह्मी म्हणून मिळणारी जुडी पुष्कळदा मंडूकपर्णीची असते. ओली जुडी मिळालीच, तर ती कोणत्या नाल्याकाठची हे विक्रेता सांगू शकत नाही. या दोन्ही वनस्पती पाण्यातील व मातीतील जड धातू शोषून घेतात, हे ध्यानी घेता ही बाब क्षुल्लक नव्हे. म्हणून ज्यांच्या चिकित्सालयामागे थोडे परस आहे, त्यांनी तेथे एक लहान जाळीघर उभारावे असे आम्हांस वाटते.

हरितगृह म्हटले की काचेचे छत डोळ्यांपुढे येते. ते थंड प्रदेशांना शोभते. काचेतून ऊन आत येते, पण तापलेली हवा कोंडून राहते. देशावर व विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा बाहेरच ४० अंशांवर जातो, तेव्हा अशा घरात कोवळी रोपे अक्षरशः उकडून निघतील. आपल्याला ऊन अडविणारी, पण वारा खेळू देणारी जाळी हवी. ५० टक्के सावली देणारे हिरवे शेडनेट या कामी पुरेसे आहे.

१० फूट लांब व ८ फूट रुंद जागा आरंभी पुरते. सांगाड्यास बांबू चालतात. जमिनीत जाणाऱ्या टोकांस डांबर लावून ते दीड ते दोन फूट खोल पुरावेत. मध्यभागी उंची ८ फूट व कडांना ६ फूट ठेवावी. जाळी चांगली ताणून बांधावी, कारण सैल जाळी वाऱ्याने फडफडून गाठीपाशीच फाटते. कोकणात पावसाळ्यापुरता छपरावर २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद उताराने अंथरावा, बाजू मात्र मोकळ्या राहू द्याव्यात. आत ३ इंच खडी पसरून दुपारी तीवर पाणी शिंपडले की हवा गार व दमट राहते.

ब्राह्मी पसरट कुंडीत गाळमातीवर लावावी. पाणी विहिरीचे वा नळाचे, स्वच्छ असावे. माती सदैव चिखलासारखी ओली हवी, पण वर पाणी उभे राहू देऊ नये. वैद्याच्याच परसात डासांची पैदास व्हावी हे बरे दिसत नाही. ब्राह्मीची पाने लहान, मांसल, देठाविना समोरासमोर येतात. मंडूकपर्णीचे पान वृक्काकृती, दंतुर कडेचे व लांब देठाचे असते. दोन्ही कुंड्या शेजारी ठेवल्या, तर विद्यार्थ्यांना हा भेद निराळा शिकवावा लागत नाही.

पिंपळीला ही सावली फार मानवते, मात्र तिचे नर व मादी वेल वेगळे असतात. फळे मादी वेलावरच धरतात. तेव्हा फांदीची कलमे आणताना मूळ वेल कोणता, हे विचारून घ्यावे. सर्पगंधेचे बी कमी उगवते, म्हणून मुळांचे तुकडे लावणे सोयीचे. तिची रोपे येथे केवळ वाढवावयाची असतात. बाहेर लावण्यापूर्वी ८-१० दिवस त्यांना रोज थोडे अधिक ऊन दाखवावे, अन्यथा पाने करपतात.

कोरड्या उष्णतेत लाल कोळी व पिठ्या ढेकूण येतात. ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी सायंकाळी करावी. रासायनिक कीटकनाशक येथे वापरूच नये. स्वरसासाठी पाने खुडण्यापूर्वी फवारणीनंतर काही दिवस जाऊ द्यावेत, आणि खुडलेली पाने स्वच्छ वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी वापरावीत.