कॅथेड्रलमध्ये न्यायाधीश का जमतात?

गेल्या रविवारी इथल्या कॅथेड्रलसमोर गर्दी दिसली म्हणून थांबलो. लाल झगे आणि खांद्यावर रुळणारे मोठे विग घातलेले न्यायाधीश रांगेने आत चालले होते. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "हे काय चाललंय?" त्यांना सांगितलं तेच इथे लिहितो.

इंग्लंडच्या अनेक काउंटींमध्ये वर्षातून एकदा 'जस्टिस सर्व्हिस' होते. न्यायदानाशी जोडलेल्या सगळ्यांसाठी ही प्रार्थना.

यजमान असतो हाय शेरीफ. मखमली कोट, गळ्याशी लेस, कमरेला तलवार! हजार वर्षांहून जुनं, बिनपगारी, एका वर्षाचं पद. इंग्लंड-वेल्समध्ये असे ५५ हाय शेरीफ आहेत. नेमणूक करताना राजा यादीतल्या नावाशेजारी चांदीच्या दाभणाने भोक पाडतो. आजही!

मला मात्र सगळ्यात जास्त आदर वाटतो तो साध्या कपड्यांत बसलेल्या मॅजिस्ट्रेट्सचा. कायद्याची पदवी नाही, पगार नाही, तरी इथले बहुतेक फौजदारी खटले हेच लोक निकाली काढतात. सल्ल्याला कायदा जाणणारा अधिकारी असतो.

लंडनची प्रार्थना याहून मोठी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला न्यायालयीन वर्ष सुरू होतं, तेव्हा न्यायाधीश वेस्टमिन्स्टर ॲबीत जमतात. पूर्वी ते टेंपल भागातून सुमारे दोन मैल चालत यायचे.

आणि हो, मुंबईचं नगरपाल हे पद याच शेरीफ परंपरेतलं. दिलीपकुमार आणि सुनील गावसकर दोघांनीही ते भूषवलंय.

विग, झगे, मिरवणुकीतला क्रम, काहीही विचारा. आनंदाने सांगेन.