आम्ही दोघे आणि चाळीसगावची वाट

"कुणाचे लग्न आहे?" "कुणी आजारी आहे का?" गेल्या ऑक्टोबरात, धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरच्या एका सकाळी, जळगावच्या आमच्या वस्तीतून स्कूटीला पिशवी बांधून निघालो तेव्हा चार घरांतून हेच दोन प्रश्न आले. "नाही, नुसते फिरायला चाललो," असे सांगितले तर शेजारच्या आजी हसल्या. त्यांना ती थट्टाच वाटली.

त्यांचे तरी काय चुकले? आमच्या लग्नाला एकतीस वर्षे झाली. या काळात आम्ही भाकरी बांधून दीक्षाभूमीवर गेलो, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो, लग्नाला गेलो, मयतीला गेलो. पण केवळ डोळे भरून पाहण्यासाठी दोघांनी घराबाहेर पडावे, असे कधी घडले नाही. आम्ही कारखान्यात पाळ्या केल्या, हिने अंगणवाडीत नोकरी करून पोरांना शिकवले. आता पोरे मार्गी लागली. म्हणून ही म्हणाली, "तीन दिवस माझ्यासाठी काढा."

निघताना हिने किल्ली मागितली. हिच्याकडे लायसन्स आहे, रोज अंगणवाडीला हीच स्कूटी नेते. पण आम्ही म्हटले, "रस्ता मोठा आहे, ट्रक असतात, बस मागे." ही मुकाट्याने बसली. खरे कारण ट्रक नव्हते. बायको गाडी चालवते आणि नवरा मागे बसतो, हे लोकांनी पाहू नये, एवढेच होते.

पाचोरा, भडगाव करीत चाळीसगावचा रस्ता धरला. खान्देशचा ऑक्टोबर म्हणजे दुपारी ऊन चटकते, पण सकाळ मोठी गोड असते. काळ्या रानात कापूस फुटून पांढरा झाला होता. ओटी बांधून बाया वेचणीला लागल्या होत्या. ज्वारीची कणसे भरली होती, बांधावरचे गवत पिवळे पडू लागले होते. भडगावला गिरणेचे पाणी पाहत थांबलो. पुढे एका शेताच्या कडेला कळण्याची भाकरी आणि ठेचा सोडला, तेव्हा वेचणी करणारी एक म्हातारी जवळ आली. "कथा चालनात?" तिने विचारले. फिरायला, म्हटल्यावर ती हिच्याकडे पाहून म्हणाली, "बरं शे. मी तं चाळीसगावबी दवाखान्यासाठीच पाह्यं." त्यावर आमच्या तोंडून शब्द निघाला नाही.

संध्याकाळी चाळीसगावला पोचलो. नातलगाकडे सामान टाकले आणि आधी स्टेशनावर गेलो. याच स्टेशनावर 1929 च्या ऑक्टोबरात बाबासाहेब उतरले होते. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. धुळ्याच्या लाईनीवरील एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार पडला होता. तेथे जाऊन ते परत आले, आणि चाळीसगावच्या लोकांच्या आग्रहाखातर रात्रीपुरते राहायला कबूल झाले. वस्ती दोनेक मैलांवर होती. पण अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला आणि तो हाकायला आपल्याच समाजातला एक माणूस बसला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीपुलावर घोडा उधळला, चाक दगडावर आदळले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा-गाडी नदीत कोसळली. त्यांचा पाय मोडला. बायाबापड्यांच्या रडारडीत त्यांना उचलून वस्तीत नेले. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली आहे. टांगा हाकून पोट भरणारा माणूसही एका बॅरिस्टरापेक्षा स्वतःला उंच समजतो, हे त्यांनी तेथे नोंदवले आहे.

गावातून तितूर नदी वाहते. तिच्या काठी आम्ही बराच वेळ उभे होतो. ही म्हणाली, "त्या टांगेवाल्यांना काय वाटलं असेल हो? लोक काय म्हणतील, हेच ना?" आम्ही मान हलविली. मग ही शांतपणे म्हणाली, "सकाळी तुम्हालाही तेच वाटलं."

वाचकहो, त्या रात्री आम्हाला लवकर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कन्नडचा घाट चढून पितळखोऱ्याला गेलो. ही लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, गौताळ्याच्या जंगलात आहेत. पावसाळा सरल्याने डोंगर अजून हिरवे होते, दरीतून पाण्याचा आवाज येत होता. पायऱ्या उतरून खाली गेले की दगडी हत्तींची रांग आणि दारावर भालेवाले द्वारपाल दिसतात. ही लेणी दोन हजार वर्षांहून जुनी, अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या काळातली. येथले शिलालेख राजांचे नाहीत. पैठणच्या सुगंधी द्रव्यांचा धंदा करणाऱ्या घराण्यातील मितदेवाने खांब दिला, असे एक लेख सांगतो. येथे सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ती घडविणाऱ्या सोनाराचे, कान्हदासाचे नाव कोरलेले आहे. राजवैद्य मगिल याचे नाव आहे, आणि त्याच्या मुलीचे, दत्ताचेही आहे.

हे सारे आम्ही पुस्तकात वाचून गेलो होतो, ते हिला सांगितले. दत्ताचे नाव ऐकून ही खडकावर बसून राहिली. "म्हणजे तेव्हा लेकीचं नाव दगडावर लागत होतं," एवढेच बोलली. आमच्या घराच्या दारावरच्या पाटीवर फक्त आमचे नाव आहे, हे तेव्हा आठवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याकडे निघताना आम्ही न बोलता किल्ली हिच्या हातावर ठेवली आणि मागे बसलो. फाट्यावर चहा पिणारी दोन पोरे हसली. हसू दे, म्हटले. ही बेताने, आरसा पाहत, वळणावर हॉर्न देत चालवीत होती. खरे सांगतो, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच आम्हाला रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहायला मिळाल्या. तुरीची पिवळी फुले पाहिली, विजेच्या तारेवरचे नीळकंठ पाहिले.

धुळ्याच्या अलीकडे मुंबई-आग्रा रस्त्यावर लळिंगचा किल्ला आहे. त्याच्या जंगलात लांडोर बंगला आहे. 1937 साली बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा येथे राहिले होते. दरवर्षी 31 जुलैला खान्देशातील हजारो माणसे येथे जमतात. आम्ही गेलो तेव्हा सारे शांत होते. चाळीसगावला ज्यांना टांगेवाला मिळाला नाही, तेच आठ वर्षांनी या डोंगरात पाहुणे होते, हे आठवून बरे वाटले. हिने पिशवीतली फुले वाहिली.

पारोळा, एरंडोल करीत आम्ही अंधार पडता घरी आलो. तीन दिवसांचा खर्च पेट्रोल, चहा आणि नातलगाकडे नेलेला खाऊ एवढाच. शेजारच्या आजी दारातच होत्या. हिला हँडलवर पाहून त्यांनी डोळे बारीक केले, मग हसून म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला ने गं."

पुढच्या रविवारी आम्ही दारावरची पाटी बदलून घेतली. आता तिच्यावर दोन नावे आहेत.