पिशवीच्या ऑपरेशनआधी नळ्यांचेही विचारा

अंडाशयाचा सर्वाधिक आढळणारा घातक कॅन्सर बहुतेक वेळा अंडाशयात नव्हे, तर गर्भनळीच्या टोकाशी सुरू होतो. तो लवकर ओळखणारी खात्रीची तपासणी अजून नाही. म्हणून नसबंदी किंवा पिशवीचे ऑपरेशन ठरलेच असेल, तर डॉक्टरांना विचारा, "अंडाशय ठेवून दोन्ही नळ्या पूर्ण काढता येतील का?" कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून हा सल्ला दिला जातो. अंडाशय राहिल्याने हार्मोन्स चालू राहतात. मूल मात्र होत नाही. आई, बहीण, मावशी, आत्याला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर तेही सांगा. मात्र कोणी नुसती कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला सांगितली, तर आधी सरकारी दवाखान्यात दुसरे मत घ्या. शरीर आपले, प्रश्न विचारण्याचा हक्कही आपला!