बारामतीची टुओनो : नाव जुनं, धंदा नवा, मग काय ठेवायचं आणि काय सोडायचं?



"सर, वडिलांचं दुकान आहे, गावात नाव आहे. आता मला त्यात नवीन काहीतरी करायचंय. सुरुवात कुठून करू?" आपल्या व्हिडिओंखाली हा प्रश्न सारखा येतो. कुणाला बोर्ड बदलायचा असतो, कुणाला फर्निचर, कुणाला थेट नावच. आज याचं उत्तर एका मोटारसायकलवरून बघू. गाडी इटलीची आहे, पण बनते आपल्या बारामतीला. नाव अप्रिलिया टुओनो ४५७. गाडी घ्यायची नसली तरी शेवटपर्यंत वाचा, कारण यातला हिशोब तुमच्या दुकानाचा आहे.

आधी थोडी ओळख

आपल्या परभणी जिल्ह्यात गावोगावी फिरणारी आपे रिक्षा तुम्हाला माहीतच आहे. 'आपे' म्हणजे इटालियन भाषेत मधमाशी. ती बनवणारी कंपनी पियाजिओ, आणि तिचा कारखाना बारामतीला. त्याच बारामतीत २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरही बनते. अप्रिलिया ही मोटारसायकल रेसिंगमध्ये नावाजलेली इटालियन कंपनी २००४ मध्ये याच पियाजिओच्या ताब्यात आली.

टुओनो म्हणजे ढगांचा गडगडाट. ही गाडी २००२ साली आली तेव्हा कंपनीने काय केलं? आपलीच आरएसव्ही मिले ही रेसिंगच्या धाटणीची गाडी घेतली, तिच्या अंगावरची प्लास्टिकची कव्हरं उतरवली, समोर छोटंसं नाक तेवढं ठेवलं आणि वर रुंद हँडल बसवलं. इंजिन आणि फ्रेम तीच. अशा उघड्या गाडीला 'नेकेड' म्हणतात. ताकद रेसिंगची, पण बसायला सरळ. लोकांनी ती उचलून धरली.

पुढे गाडी मोठी होत गेली. सुरुवातीला ९९८ सीसीचं दोन सिलिंडरचं व्ही इंजिन होतं. २०११ मध्ये चार सिलिंडर आले, २०१५ मध्ये इंजिन १०७७ सीसीवर गेलं. गाडी जबरदस्त, पण किंमतही तशीच. पोस्टर लावणारे हजार आणि चेक फाडणारा एखादा, अशी गत. धंद्यात नाव असणं वेगळं आणि गल्ला भरणं वेगळं, हे तुम्हीही अनुभवलं असेल.

मग कंपनीने उलटी वाट धरली. आधी ६६० सीसीची टुओनो आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात टुओनो ४५७ आणली. तेव्हाची एक्स-शोरूम किंमत ३ लाख ९५ हजार होती.

काय सोडलं, काय ठेवलं?

मला सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट इथे वाटते.

सोडलं ते बघा. व्ही इंजिन सोडलं. निम्म्याहून जास्त सीसी सोडले. समोरचं ते ओळखीचं अर्धं कव्हरसुद्धा काढून टाकलं. "मग ही टुओनो कशी?" असं विचारणारे जुने चाहते आहेतच.

आता ठेवलं ते बघा. पहिली गोष्ट, गाडी घडवायची रीत. डिसेंबर २०२३ मध्ये आरएस ४५७ ही स्पोर्ट्स गाडी ४ लाख १० हजारांना आली होती, तीही बारामतीचीच. तिचंच इंजिन, तिचीच ॲल्युमिनियमची फ्रेम. कव्हरं उतरवली, रुंद हँडल लावलं, टुओनो तयार! २००२ ला जे केलं, तेच २०२५ ला केलं.

दुसरी गोष्ट, चालवतानाचा अनुभव. व्ही इंजिनात दोन सिलिंडर दोन दिशांना असतात, म्हणून वरचे हेडही दोन लागतात. भाग वाढतात, खर्च वाढतो. नव्या इंजिनात दोन्ही सिलिंडर शेजारी-शेजारी आहेत आणि दोघांना मिळून एकच हेड आहे. पण त्याने इंजिनाचा ठेका बदलतो. म्हणून क्रँक २७० अंशांवर ठेवला. त्यामुळे दोन सिलिंडरचे धक्के समान अंतराने न येता थोडे पुढे-मागे येतात आणि आवाज व्ही इंजिनाच्या जवळ जातो. म्हणजे खर्च कमी केला, पण गिऱ्हाईकाच्या कानाला आणि हाताला जे जाणवतं ते सांभाळलं.

तिसरी गोष्ट, ताकद किती ठेवायची. हे इंजिन साधारण ४७ हॉर्सपॉवरचं, म्हणजे ३५ किलोवॅटचं आहे. युरोपात नव्या चालकांच्या ए२ लायसन्सची मर्यादा नेमकी ३५ किलोवॅट आहे. माल किती दणकट करता येईल, यापेक्षा घेणाऱ्याला काय परवडतं आणि काय चालवता येतं, यावरून आकडा ठरला.

आता तुमच्या दुकानात या

समजा, सेलूत तुमच्या वडिलांचं फरसाणचं दुकान आहे. तीस वर्षांपासून लोक 'त्यांची लसणाची शेव' म्हणून येतात. तुम्हाला नवी पिढी, ऑनलाइन ऑर्डर, लग्नाच्या पार्ट्या पकडायच्यात. तर कागद घ्या आणि चार कामं करा.

१. वचन लिहा. गिऱ्हाईक नेमकं कशासाठी येतं? शेवेची चव, ताजेपणा, की वडील चाखायला मूठभर जास्त देतात म्हणून? हे गल्ल्यावर बसून ठरवू नका. वीस जुन्या गिऱ्हाइकांना विचारा. जे उत्तर परत परत येईल, त्याला हात लावायचा नाही.

२. न दिसणारा खर्च कापा. भट्टी बदला, पॅकिंगचं मशीन घ्या, बेसन एकत्र खरेदी करा. फक्त चवीचा ठेका तोच राहिला पाहिजे. पैसे वाचवायला तेल हलकं वापरलं, तर ते पहिल्या घासालाच कळतं.

३. एकाच भट्टीवर दोन माल काढा. आरएस आणि टुओनो एकाच पायावर उभ्या आहेत. तुमच्याकडेही तीच शेव प्रवासाच्या छोट्या पाकिटात आणि लग्नाच्या ऑर्डरला मोठ्या पॅकमध्ये जाऊ शकते. नवी मशिनरी नाही, नवा कारागीर नाही.

४. जुना माल एकदम बंद करू नका. याचं उदाहरण पुण्याच्या बजाजचं. पल्सर २५० ऑक्टोबर २०२१ मध्ये आली आणि २०२२ मध्ये जुनी पल्सर २२० एफ बंद झाली. गिऱ्हाईक मात्र जुनीच मागत राहिलं आणि २०२३ मध्ये कंपनीने ती परत आणली. बजाजला ते झेपतं, दोन लाखांच्या भांडवलावर आपल्याला झेपत नाही. नवीन माल जुन्याच्या शेजारी ठेवा आणि सहा महिने दोघांची विक्री वहीत लिहा. निर्णय वहीला घेऊ द्या.

किंमतीचा खरा बाजार

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की टुओनोला सगळं सोपं होतं. ती आली तेव्हा चाकणला बनणारी केटीएम ३९० ड्यूक जवळपास लाखभराने स्वस्त मिळत होती. तिला एकच सिलिंडर आहे, पण गिऱ्हाईक आधी किंमत बघतं. म्हणजे आपण आपल्या जुन्या मालापेक्षा स्वस्त झालो, एवढ्याने भागत नाही. समोरच्या दुकानापेक्षा जास्तीचे पैसे का द्यायचे, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

आणि मग कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या मोटारसायकलींवर ४० टक्के जीएसटी लागला. आधी सेस धरून तो ३१ टक्के होता. गाडी तीच, कारखाना तोच, पण हिशोब एका दिवसात बदलला. तुमच्याकडेही तेलाचा डबा महागतो, दुकानाचं भाडं वाढतं. म्हणून कॉस्टिंग करताना थोडी जागा मोकळी ठेवा. शेवटच्या रुपयापर्यंत ताणलेलं मार्जिन पहिल्याच धक्क्याला तुटतं.

आपल्या गावावरून लोक चेष्टेने म्हणतात, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." चेष्टा म्हणून ठीक आहे, पण बापाने तीस वर्षांत कमावलेलं नाव त्या भरवशावर सोडू नका.

या आठवड्याचं काम एकच. वहीच्या एका पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे 'ठेवायचं', उजवीकडे 'सोडायचं'. डावीकडे तीनपेक्षा जास्त गोष्टी झाल्या, तर परत विचार करा. पान भरलं की तुमच्या धंद्याचं नाव आणि डावीकडची पहिली ओळ मला कमेंटमध्ये पाठवा. निवडक पानांचं कॉस्टिंग पुढच्या व्हिडिओत आपण मिळून करू.